पानावर आलेला अंगठा

प्रश्न : मी अमळनेरला राहतो. तीन वर्षं खपून मराठीत टेबलटॉप रोलप्ले खेळाचं, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत गोष्ट पुढे न्यायच्या खेळाचं, पुस्तक केलं. त्यात तापीकाठच्या गढ्या आहेत, कानबाईचा उत्सव आहे, सातपुड्यातल्या वाटा आहेत आणि फाशांवर चालणारे नियम. नकाशे मित्राने मैत्रीखातर, एक पैसाही न घेता काढून दिले. ५०० प्रती स्वखर्चाने छापल्या, किंमत ४५० रुपये. पीडीएफ १५० रुपयांना विकतो. आता धुळ्यातला एक झेरॉक्सवाला स्पायरल बाइंडिंग करून १२० रुपयांना पुस्तक विकतोय, आणि टेलिग्रामच्या एका चॅनलवर ते फुकट फिरतंय. चॅनलवर ११०० जण आहेत. पीडीएफ बंद करू का? सगळ्यांची भरपाई मागता येईल का?

उत्तर : भाऊ, पीडीएफ बंद करू नका. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. पानांच्या आतल्या कडेला काळी पट्टी आहे आणि एका नकाशाच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलाय. छापील पुस्तक दाबून धरून स्कॅन केलं की अशीच सावली पडते. टेलिग्रामवरच्या फाइलमध्येही तोच अंगठा आहे. म्हणजे पुस्तक कागदी प्रतीतून बाहेर गेलं, आणि दोन्हीकडे एकच स्कॅन फिरतंय. पीडीएफ काढून घेतलीत तर नुकसान फक्त पैसे देऊन घेणाऱ्यांचं होईल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या गाजलेल्या रोलप्ले खेळाच्या प्रकाशकांनी चोरीला कंटाळून एप्रिल २००९मध्ये सगळ्या पीडीएफ विक्रीतून काढल्या. २०१३मध्ये जुनी पुस्तकं त्यांनी पुन्हा पीडीएफमध्ये विकायला आणली. तुम्ही फक्त एवढं करा : विकलेल्या प्रत्येक पीडीएफच्या पानावर खरेदीदाराचं नाव आणि ऑर्डर क्रमांक येऊ द्या.

आता भरपाई. ११०० गुणिले १५० म्हणजे १,६५,००० हा हिशेब कोर्टात टिकणार नाही. यातले किती जण खरंच विकत घेणार होते, हा पहिला प्रश्न येईल. तुमच्या खेळात पाच-सहा जण बसतात, पण पुस्तक बहुधा खेळ चालवणारा एकटाच घेतो. फाइल उतरवणारे कित्येक जण ती उघडतही नाहीत. कुणी चाळून आवडली म्हणून छापील प्रत मागवतो. पण १२० रुपये मोजणारा माणूस वेगळा. त्याला पुस्तक हवं होतं, खिशात हात गेला होता आणि पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात पडले. ५०० प्रतींच्या आवृत्तीत अशी पन्नास गिऱ्हाइकं गेली तरी छापखान्याचं बिल अंगावर राहतं. म्हणून रोख झेरॉक्सवाल्यावर ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५५खाली मनाई हुकूम, भरपाई आणि त्याच्या नफ्याचा हिशेब मागता येतो.

त्याआधी मात्र घरचं एक काम. कॉपीराइट नोंदवलेला नाही म्हणून घाबरू नका, लिहिताक्षणी तो तुमचा झाला. पण फुकट काढून दिलेल्या नकाशांचा पहिला मालक तुमचा मित्र आहे, तुम्ही नाही. समोरचा वकील इथेच बोट ठेवेल. मित्राकडून लेखी, सहीनिशी हस्तांतर घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. पीडीएफ परदेशातली मराठी मंडळीही घेत असतील तर हे महत्त्वाचं आहे. दुसरं, फासा टाकून अमुक आकडा आला की दरवाजा उघडतो, ही कल्पना कुणाच्याही मालकीची नाही. संरक्षण तुमच्या वाक्यांना आणि चित्रांना आहे. इथे पानंच्या पानं उचलली आहेत, त्यामुळे ती अडचण येणार नाही.

टेलिग्रामला लेखी तक्रार द्या. २०१३च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५प्रमाणे ३६ तासांत मजकूर हटवायला हवा, पण तुम्हाला २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून द्यावा लागतो. नाहीतर लिंक पुन्हा उघडू शकते. म्हणून दाव्याचे कागद तयार झाल्यावरच तक्रार पाठवा. चॅनल कोण चालवतो हे कळत नसेल तरी वाट आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिणाऱ्या नीतू सिंग यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२मध्ये टेलिग्रामला चॅनलवाल्यांची माहिती द्यायला सांगितली होती.

दुकान धुळ्याचं असलं तरी कॉपीराइट कायद्याच्याच कलम ६२मुळे दिवाणी दावा तुम्ही राहता त्या जळगाव जिल्ह्यात लावता येतो. पोलिसांचा मार्गही मोकळा आहे : कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं. तरीही मी आधी नोटीस पाठवीन. झेरॉक्सवाला बहुधा कॉलेजच्या पोरांनी आणून दिलेलं छापत असेल. स्कॅन कुणाकडून आलं हे तो नोटिशीनंतर सांगेल, गुन्हा दाखल झाल्यावर तोंड मिटून घेईल. तुमच्या खेळाच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकून शिव्या देऊ नका. चॅनलवरच्या पोरांना केसची धमकीही नको, त्यातलेच उद्या तुमचं पुढचं पुस्तक घेणार आहेत.

या आठवड्यात ओळखीच्या कुणाला तरी त्या दुकानातून एक प्रत विकत घ्यायला सांगा, बिल मागून घ्यायला लावा. चॅनलचे स्क्रीनशॉट तारखेसह काढा. ते कोर्टात पुरावा म्हणून चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागेल, ते आपण करू. विकत घेतलेल्या प्रतीवर पेनाची खूणही करू नका. अंगठ्याचं पान तसंच राहू द्या.