नव्या आशाताईंसाठी: उदासी ओळखताना

ताई, गृहभेटीत "मन उदास आहे का?" असे थेट विचारल्यास आपल्याकडचा कास्तकार बहुधा "काही नाही, अंग दुखते" एवढेच सांगतो; म्हणून झोप, भूक आणि डवरणी-फवारणीतला रस यांची चौकशी करावी, आणि दोन आठवडे हे सारे ढासळलेले दिसले तर त्याला नुसता थकवा समजू नये. मुलांमध्ये चिडचिड, पोटदुखी, शाळेची टाळाटाळ दिसते. घरचे त्यालाच हट्टीपणा म्हणतात. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलल्यास आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो बळावत नाही. कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवायला सांगून, माणसाला एकटे न सोडता, त्याच्यासमोरच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावावा.