टायर पेटवू नको, ठिबक सोड

बाळा, पारा १० अंशांखाली आला की केळी अडखळते, तुझी घालमेल समजते. पण बांधावर टायर पेटवू नको. मीही पेटवले होते एका डिसेंबरात. सकाळी पानांवर काजळी, म्हातारीला खोकला, अन् बागेतली थंडी तशीच! धुराचे कण बारीक, जमिनीतून निघून जाणारी ऊब ते अडवत नाहीत. उसाचं पाचटही जाळू नको, उन्हाळ्यात आच्छादनाला येतं.

पहाटे ठिबक सोड. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, हात घालून बघ. मात्र रात्रभर मोकळं पाणी सोडशील तर मे महिन्यात घागरीला महाग होशील. नांदेडकडचं अर्धापूर आहे हे, कोकण नाही. वारा अडवायला, वाऱ्याच्या अंगाला शेवरीची झाडं दाट लाव. घडांवरच्या फाटक्या पिशव्या तेवढ्या ओढ्यात फेकू नको, गुरं खातात.