नवऱ्याची आजी इंग्लंडमधल्या खेड्यात वाढली. तिच्या आठवणी आणि घराण्याचा इतिहास लिहायचा आहे, कोणत्या वेबसाइटची वर्गणी घेऊ?

सध्या कुठलीच घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की आजेसासूबाई ९१ वर्षांच्या आहेत, पूर्व इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) शेतमजुराच्या घरात वाढल्या आणि 'त्यांचं बोलणं कागदांशी जुळत नाही, म्हणून आधी कागद गोळा करते.' हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. कागद कुठे पळून जात नाहीत. आधी त्यांच्यापाशी बसा.

त्यांच्या बालपणापुरते कागद आहेतच किती? १९३१ची जनगणना १९४२ साली आगीत जळाली, १९४१ची झालीच नाही. उरलं २९ सप्टेंबर १९३९चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच सरकारने घरोघर केलेली एका दिवसाची नोंद. त्यातही शंभर वर्षांच्या आतल्या हयात माणसाची ओळ झाकलेली असते, त्यामुळे त्यांची स्वतःची नोंद दिसणार नाही, आईवडिलांची दिसेल.

या एका दिवसाच्या नोंदीने कशी फसगत होते, ते नॉरफोकमधल्याच एका घराण्याच्या शोधात बघितलंय. आजीबाईंचा जन्म १९३३चा. मुलगा ठामपणे सांगायचा की कुटुंबाने गाव कधी सोडलंच नाही. आजीबाईंना मात्र आठवत होतं की घोडागाडीत सामान भरून घर बदललं, मागे कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं, आईने भिंतीवरचं घड्याळ मांडीवर धरलं होतं आणि रस्त्याच्या कडेला बीटचे ढीग होते. १९३९चं रजिस्टर काढलं तर वडील त्याच गावात, घोड्यांवरचे गडी म्हणून. मुलगा म्हणाला, बघा, आईच्या मनाचे खेळ.

पण साखरेचं बीट काढून रस्त्याकडेला रचतात ते शरद ऋतूत. आणि त्या भागात शेतगड्यांचं वर्ष संपायचं जुन्या मायकलमसला, म्हणजे सेंट मायकेलच्या सणाच्या जुन्या तारखेला, ११ ऑक्टोबरच्या सुमारास. घर मालकाने नोकरीपुरतं दिलेलं. नोकरी सुटली की घरही सुटायचं. या लोकांना कायद्याचं खरं संरक्षण मिळालं ते थेट १९७६ साली. म्हणून शोध ऑक्टोबरचा घेतला, आणि रजिस्टरात नाही तर शाळेत. शाळेच्या दाखल-नोंदवहीत मुलाची जन्मतारीख, पालकाचं नाव, पत्ता, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते, शिवाय 'आधीची शाळा' असा रकाना असतो. सात मैलांवरच्या गावच्या वहीत १६ ऑक्टोबर १९३९ला आजीबाई दाखल, आधीची शाळा म्हणजे त्यांचं जुनं गाव. दोन वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९४१ला, पुन्हा जुन्या शाळेत. रजिस्टर भरलं आणि जेमतेम पंधरवड्यात घर हललं होतं. कागद खोटा नव्हता, पण बीटचे ढीग आठवले नसते तर ती दोन वर्षं कायमची गेली असती.

अशा वह्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. अलीकडच्या वह्या बऱ्याच ठिकाणी बंद असतात, पण स्वतःच्या नोंदीसाठी आजेसासूबाईंनीच सहीनिशी अर्ज करून बघावा.

हेच सूत्र मागे नेता येतं. १८५१पासूनच्या जनगणनेत प्रत्येकाचं जन्मगाव लिहिलेलं असतं. मुलांची जन्मगावं वयाच्या क्रमाने मांडली की बापाने किती धनी बदलले ते समोर येतं. एकाच चर्चच्या वहीत बाप्तिस्मा सापडला नाही म्हणून थांबू नका, दहा मैलांचं वर्तुळ काढा.

विचारायचं काय, तर नावं-तारखा नकोत. पाणी कुठून आणायचे, सोमवारी कपडे उकळायच्या कॉपरखाली (मोठ्या हंड्याखाली) जाळ कोण घालायचं, रविवारी चर्चला (सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडच्या) जायचे की चॅपेलला (मेथडिस्टांसारख्या वेगळ्या पंथांच्या). हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. चॅपेलवाल्यांचे बाप्तिस्मे पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, वहीत शोधून लोक वर्षं घालवतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे मैलाला २५ इंच मापाचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत, इंग्लंडचेसुद्धा. त्यावर पंपाला 'पी' आणि विहिरीला 'डब्ल्यू' लिहिलेलं असतं. मोठा प्रिंट काढा, त्यांच्यासमोर पसरा आणि घरापासून शाळेपर्यंत बोट फिरवायला सांगा. बोट जिथे अडखळतं तिथे गोष्ट असते. एका बैठकीला अर्धा तास पुरे. फोन एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, हातभर अंतरावर ठेवा. स्वयंपाकघरात नको, फ्रिजची घरघर सगळं खाऊन टाकते. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने आकडा घाला आणि तोच आकडा रेकॉर्डिंगमध्ये मोठ्याने म्हणा, नाहीतर 'हा माझा मामा' म्हणजे कुठल्या फोटोतला ते वर्षभराने कळत नाही.

मग कागद. जनरल रजिस्टर ऑफिस या जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कचेरीची सूची खातं उघडून फुकट बघता येते, आईचं माहेरचं नाव १८३७पासून मिळतं. सूचीत जन्म तिमाहीवार असतात, पण ती तिमाही जन्माची नसून नोंदणीची असते. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत, म्हणून डिसेंबरचं बाळ पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीतही सापडतं. वेबसाइटवरचे परक्यांनी बनवलेले वंशवृक्ष उचलू नका, एकाची चूक चाळीस जणांनी उतरवलेली असते. वर्गणीच्या साइट्स तिथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत बसून फुकट बघता येतात.

एक राहिलं. आठवणीतल्या सालांवर भिस्त ठेवू नका, १९४७चा बर्फ आणि १९६३चा बर्फ सहज एकमेकांत मिसळतो. आणि सूचीत एखाद्या मुलाच्या नोंदीत आईच्या माहेरच्या नावाच्या जागी नुसती रेघ दिसली, तर बहुधा आई अविवाहित होती. 'मोठी बहीण' हीच खरी आई, असं त्या काळच्या घरांत असायचं. तो कागद आजेसासूबाईंपुढे आपणहून ठेवू नका.

रेकॉर्डिंग चालू असताना त्यांच्या मुलांना मात्र दुसऱ्या खोलीत बसवा. 'आई, तसं नव्हतं' एवढं एकदा ऐकलं की म्हातारं माणूस खुराड्याचं सांगायचं थांबतं.