दारू आणि मेंदू: पीएचडीला निघालेल्या मुलीसाठी
वेंगुर्ल्याहून थेट निम्हान्सची (बंगळुरूची मेंदू आणि मानसिक आरोग्याची संस्था) स्वप्नं बघतेस, खुशाल बघ. पण ‘दारूचा मेंदूवर परिणाम’ एवढ्यावर कुणी गाईड दारात उभं करणार नाही. आधी गाबा आणि ग्लुटामेट ही मेंदूतली दोन रसायनं पक्की कर: गाबा मेंदूला शांत करतं, ग्लुटामेट चेतवतं. दारू गाबाचा ब्रेक घट्ट करते, ग्लुटामेटचा जोर दाबते. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की हात थरथरतात, झटके येतात, ते दाबून ठेवलेला मेंदू एकदम उसळी मारतो म्हणून.

गावात माहिती घेताना ‘माडी किती घेता?’ विचारलंस तर ‘थोडीशीच’ म्हणतील. ग्लास पुढे ठेव, कुठवर भरता ते बोटाने दाखवायला सांग. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र आधी, ती रखडतेच. गाईडचे पेपर मोजत बसू नकोस, त्याचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत ते शोध.