वाळवंटे असूनही वाळूची टंचाई का?

प्रश्न : आमच्या घराचे बांधकाम सुरू होत आहे. ठेकेदार नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड वापरू म्हणतात. जगात एवढी वाळवंटे असताना वाळू कमी पडते हे खरे आहे का? दगड फोडून केलेल्या वाळूचा स्लॅब टिकेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टंचाई खरी आहे, पण ती काँक्रीटला चालणाऱ्या वाळूची. वाळवंटातील कण वाऱ्याने वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून गोल, गुळगुळीत आणि फार बारीक झालेले असतात. त्यामुळे ते एकमेकांत नीट अडकून बसत नाहीत आणि मिश्रणाला पाणीही जास्त लागते. समुद्राची वाळू धुऊन न घेता वापरली, तर तिच्यातील मिठाने सळई गंजते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ मधील अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी लागते, आणि इतक्या वेगाने कोणतीही नदी ती पुन्हा आणून टाकत नाही. समुद्रात भराव टाकून सुमारे ५८० चौरस किलोमीटरवरून ७३० च्या पुढे गेलेल्या सिंगापूरला हे आधी कळले : इंडोनेशियाने २००७ मध्ये वाळूची निर्यात बंद करताच तेथे काँक्रीटचे भाव भडकले.

आता आपल्या स्लॅबविषयी. भारतीय मानक आयएस ३८३ नुसार दगडापासून केलेली वाळू काँक्रीटला चालते, आणि आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची वाळू चांगली निघते. मात्र खडी फोडताना उरणारी डस्ट म्हणजे क्रश सँड नव्हे, आणि फसगत होते ती नेमकी येथेच. खऱ्या क्रश सँडसाठी दगड वेगळ्या यंत्रात फोडून कणांना आकार दिला जातो व जादा भुकटी काढून टाकली जाते. डस्टमध्ये चपटे कण आणि भुकटी भरपूर असल्याने मिश्रण घट्ट वाटते, मग मिस्त्री वरून पाणी ओततो आणि काँक्रीटची ताकद तेथेच घटते. ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी १५ टक्क्यांच्या आत असल्याचा चाळणी चाचणीचा अहवाल मागून घ्यावा.

अर्थात क्रश सँडने नदी वाचली तरी डोंगर पोखरला जातोच. म्हणून जुन्या इमारतींच्या राडारोड्याकडे मला अधिक आशेने पाहावेसे वाटते. त्याच मानकाने एम-२५ पर्यंतच्या (एम-२५ ही काँक्रीटची ताकदीनुसार ठरणारी प्रत) सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत खडी जुन्या काँक्रीटची वापरण्यास मुभा दिली आहे. घराच्या स्लॅबसाठी तशी खडी घ्यायची असल्यास आधी अभियंत्याकडून मिश्रणाचे प्रमाण ठरवून घ्यावे.