बॉबकॅट, हाऊंड कुत्री आणि शेजाऱ्याचं कुंपण

प्रश्न : मुलगा अमेरिकेत टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओला असतो, मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे राहून आलो. त्याच्या ओळखीतल्या एकाचं मोठं रँच आहे, शेळ्यामेंढ्या आहेत, तिथे एक रात्र मुक्काम केला. पहाटे चारला सात-आठ कुत्री एकदम कोकलायला लागली, घाबरून बाहेर आलो तर म्हणे बॉबकॅटच्या मागे सोडलीत. तीन तासांनी मंडळी परत आली ती हात हलवत, तरी सगळे खूश! हा काय प्रकार? आणि कायद्याला चालतं का हे? — एक निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : काका, हात हलवत आले आणि तरी खूश होते, यातच अर्धं उत्तर आलं बघा. हाऊंड म्हणजे वासावरून माग काढणारी शिकारी कुत्री, आणि हाऊंडवाल्यांचा जीव मांजरापेक्षा कुत्र्यांच्या नाकात जास्त अडकलेला असतो. मी टेक्ससमध्ये जनावरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम केलंय, ही मंडळी सोमवारी सकाळी कान फाटलेली, नाकात काटे घुसलेली कुत्री घेऊन यायची आणि मी टाके घालेपर्यंत कालची स्टोरी सांगत बसायची, त्यात मांजर शेवटच्या दोन वाक्यात यायचं, ते पण आलं तर.

बॉबकॅट म्हणजे आपल्या बाऊल मांजराचा दणकट चुलतभाऊ समजा, साधारण 7 ते 14 किलो, अंगावर ठिपके आणि शेपूट अगदी आखूड. ते लांब पळत नाही, दम कमी असतो त्याला, पण डोकं भारी. गोल गोल फिरतं, स्वतःच्याच मागावरून उलटं येतं, पडक्या झाडाच्या खोडावरून चालतं, फड्या निवडुंगाच्या जाळीतून आरपार जातं आणि तिथेच कुत्र्यांची वाट लागते. तिकडची मेस्किटची झाडी म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्याच भावकीतली, त्यामुळे काट्यांचं काय ते तुम्हाला सांगायला नको.

पहाट का, तर दव पडलेलं असतं, ओलसर जमिनीवर वास टिकतो, ऊन वर आलं वारा सुटला की संपलं. जीप हळू चालवतात, कच्च्या रस्त्यावर कुत्री पुढे नाहीतर गाडीच्या टपावर उभी, एखाद्याला वास लागला की तो ओरडतो आणि मग बाकीची सोडतात. तुम्ही ऐकलं ते कोकलणं मागावरचं, लांबलचक ओढलेलं. मांजर झाडावर चढलं की आवाज बदलतो, तुकड्या तुकड्यात, घाईघाईने, जागेवरून न हलता. मालक अंधारात नुसता आवाज ऐकून सांगतो की पुढे कोण आहे, मागे कोण पडलं आणि कोण उगाच खोटं भुंकतंय (असतात तशी पण, माणसांसारखीच). हल्ली गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो, पण जुनी माणसं स्क्रीनकडे बघतच नाहीत. मांजर झाडावर चढल्यावर काही जण गोळी घालतात, काही नुसता फोटो काढून कुत्र्यांना साखळी लावतात. मला विचाराल तर झाडावर अडकलेल्या जनावराला खालून गोळी घालण्यात काही शौर्य वाटत नाही, पण ते माझं झालं.

कायद्याचं म्हणाल तर राज्याराज्यात वेगळं. टेक्ससमध्ये चालतं, शिकारीचं लायसन लागतं, ठरावीक सीझन नाही, किती मारायची याचा आकडा नाही. कातडं विकायचं किंवा राज्याबाहेर न्यायचं तर त्याला टॅग लावावा लागतो, कारण हे जनावर साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वॉशिंग्टन राज्यात हाऊंड लावायला 1996 मध्ये मतदानाने बंदी आली. कॅलिफोर्नियाने 2013 पासून बॉबकॅटमागे कुत्री सोडणं बंद केलं, 2020 पासून त्याच्या शिकारीवरच बंदी आणली. कोलोरॅडोत नोव्हेंबर 2024 ला असाच बंदीचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला.

पण खरी भांडणं कुठे होतात सांगू का, कुंपणावर. टेक्ससमधली बहुतेक सगळी जमीन खाजगी, आणि कुत्र्याला काय कळतंय कुणाचा सातबारा कुठे संपतो! माग शेजाऱ्याच्या रँचमध्ये गेला की कुत्री जाणार, मागून माणूस तार ओलांडून गेला की ते ट्रेसपास, म्हणजे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत घुसणं. तिकडे 1997 पासून कुंपणाच्या खांबावर किंवा झाडावर जांभळा पट्टा मारला की पाटी न लावताही आत येऊ नका असा अर्थ होतो. म्हणून समंजस माणूस आदल्या दिवशीच आजूबाजूच्या सगळ्यांना फोन करतो. शिवाय हाऊंड हरणामागे लागलं तर वेगळीच पंचाईत, तिथे हरणामागे कुत्री सोडायला बंदी आहे.

आणि एक, शेळीचं पिल्लू मेलं की रँचवाले लगेच बॉबकॅटचं नाव घेतात. तो मारतो कधीकधी, नाही असं नाही, पण मुख्य खाणं ससे आणि उंदीर. मेंढ्या-शेळ्यांचं जास्त नुकसान कायोटी (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) करतात. मेलेल्या पिल्लावर पालापाचोळा ओढलेला दिसला, आजूबाजूला नखं न उमटलेले गोल पंजे दिसले तर मांजराचा संशय घ्यायचा, नखं उमटलेली असतील तर ते कुत्र्याच्या जातीचं काहीतरी.

प्रश्न : माझ्याकडे दोन कारवानी कुत्री आहेत, चांगली पळतात. अमेरिकेतल्या हाऊंडसारखा माग काढायला त्यांना शिकवता येईल का? रानमांजरं शेताजवळ फार झालीत. — एक वाचक, उदगीर

उत्तर : दादा, कारवानी डोळ्याने शिकार धरतो. दिसलं की वाऱ्यासारखा सुटणार, नजरेआड झालं की उभा राहून इकडेतिकडे बघणार. तिकडचे वॉकर, ब्लूटिक, प्लॉट हे लांब कानांचे हाऊंड, तासन्तास जमिनीला नाक लावून चालणारे. जातच वेगळी, शिकवून होत नाही ते. आणि झालं असतं तरी रानमांजरामागे कुत्री सोडणं आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, सशामागे सुद्धा, शेत तुमचं स्वतःचं असलं तरी. कोंबड्या जात असतील तर खुराड्याला बारीक जाळी मारा आणि दार अंधार पडायच्या आत लावा. कुत्र्यांना पळवायचंय तर माळावर पळवा, पण ससा उठला तर हाक मारल्यावर मागे फिरतात का ते आधी बघा, नाहीतर दोरी सोडू नका.