हवाई दलात वरिष्ठांनी सांगितलेलं धोक्याचं उड्डाण नाकारता येतं का?

दादा, तुमचा अमळनेरचा भाचा हेलिकॉप्टरवर आहे आणि साहेब खराब हवेत 'जायचंच' म्हणाले तर, हा तुमचा प्रश्न. नाकारता येतं, पण फुकट नाही. वायुसेना कायदा १९५०, कलम ४१ मध्ये आज्ञाभंगाला शिक्षा आहे. मात्र ती आज्ञा कायदेशीर असावी लागते.

सगळं अडतं ते कसं बोलायचं यावर. 'मला बरोबर वाटत नाही' म्हटलं की साहेब चढलेच. त्यापेक्षा 'ढगांचा तळ डोंगरमाथ्याच्या खाली आहे, परतीचं इंधन बसत नाही' असं सांगावं. आषाढात चोपड्याहून उत्तरेला बघा, सातपुडा गायब असतो! लगोलग पर्यायही द्यावा: दोन तास थांबू, नाहीतर तापीच्या खोऱ्यातून वळसा घालू.

तरी दर वेळी ऐकतातच असं नाही. अमेरिकेच्या फेअरचाइल्ड तळावर स्क्वाड्रनप्रमुख मार्क मॅकगीहान यांनी बी-५२ बॉम्बर विमानाच्या एका बेदरकार वैमानिकाचं उड्डाण थांबवा म्हटलं. वरच्यांनी मानलं नाही. मग आपली पोरं त्याच्यासोबत नकोत म्हणून ते स्वतः बसू लागले. २४ जून १९९४ ला त्याने उडवलेलं विमान कोसळलं आणि मॅकगीहान यांच्यासह आतले चौघंही गेले.

भाच्याला सांगा, नकाराचं कारण वेळेसकट लिहून ठेव आणि फ्लाइट सेफ्टी अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळव.